शेल वायू आणि शेल तेलाची भूवैज्ञानिक क्षमता: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शेलमध्ये वायू आणि तेल येतात कुठून, आणि ते खडकात राहतात कसे?

समुद्र, सरोवर किंवा त्रिभुज प्रदेश यांच्या शांत तळाशी अतिसूक्ष्म चिखल साचत जातो, वरच्या गाळाच्या भाराखाली दबतो आणि त्यातून पातळ पापुद्र्यांनी सुटणारा शेल हा खडक तयार होतो. चिखलाबरोबर शैवाल, प्लवक आणि वनस्पतींचे अवशेष गाडले गेले असतील आणि तळाच्या पाण्यात प्राणवायू नसेल, तर हे अवशेष पूर्ण कुजत नाहीत. खोली आणि उष्णता वाढत गेली की त्यांचे केरोजेन हे घन सेंद्रिय द्रव्य होते आणि केरोजेनपासून पुढे तेल व वायू निर्माण होतात. त्यातील काही भाग खडकातून निसटून वर सरकतो आणि वालुकाश्मात किंवा चुनखडकात अडकतो. नेहमीची तेलक्षेत्रे अशीच तयार झालेली आहेत. जो भाग जन्मस्थानीच अडकून राहिला, त्याला आपण शेल वायू किंवा शेल तेल म्हणतो.

हा वायू खडकातील सूक्ष्म छिद्रांमध्ये व नैसर्गिक भेगांमध्ये मोकळ्या स्वरूपात असतो, सेंद्रिय द्रव्याच्या आणि मृण्मय (चिकणमातीच्या) खनिजांच्या पृष्ठभागाला चिकटलेला असतो आणि थोडा द्रवांत विरघळलेलाही असतो. खडकाची पार्यता, म्हणजे वायू व द्रव वाहू देण्याची क्षमता, इतकी कमी असते की ती नॅनोडार्सीत मोजावी लागते, म्हणजे चांगल्या वालुकाश्माच्या तुलनेत लाखो पटींनी कमी. म्हणूनच आडवी विहीर खणून, उच्च दाबाने पाणी व वाळू सोडून खडकात भेगा पाडल्याशिवाय (याला फ्रॅकिंग म्हणतात) वायू विहिरीकडे येत नाही.

मूल्यमापनाची सुरुवात कशापासून होते?

एकूण सेंद्रिय कार्बनापासून. खडकाच्या वजनात हा कार्बन किमान 2 टक्के असावा, असा ठोकताळा बहुतेक ठिकाणी वापरला जातो. पण केवळ टक्केवारी पाहून भागत नाही, कारण सेंद्रिय द्रव्य कोणत्या जातीचे आहे यावर पुढचे सारे अवलंबून असते. सरोवरातील शैवालापासून बनलेले पहिल्या प्रकारचे केरोजेन आणि सागरी प्लवकापासून बनलेले दुसऱ्या प्रकारचे केरोजेन भरपूर तेल देते. जमिनीवरील वनस्पतींपासून बनलेले तिसऱ्या प्रकारचे केरोजेन मुख्यतः वायू देते.

भारतातील दोन उदाहरणांवरून हे स्पष्ट होते. गुजरातमधील खंबात खोऱ्यातला पॅलिओसीन ते इओसीन काळातील खंबात शेल हा दुसऱ्या आणि तिसऱ्या प्रकारांचे मिश्रण असलेला खडक आहे, आणि तेथील नेहमीच्या तेलक्षेत्रांना तेल पुरवणारा उद्गम खडकही तोच आहे. याउलट दामोदर खोऱ्यात बराकर आणि राणीगंज या दोन कोळसाधारी थरांच्या मध्ये ‘बॅरन मेझर्स’ नावाचा पर्मियन काळातील थर आहे. काढण्याजोगा कोळसा नसल्यामुळे खाणकामाने त्याच्याकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले, पण त्यातील कार्बनयुक्त शेल तिसऱ्या प्रकारच्या केरोजेनने समृद्ध आहे आणि त्याच्याकडून अपेक्षा करायची ती वायूचीच.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. आज प्रयोगशाळेत मोजला जाणारा कार्बन हा उरलेला कार्बन असतो. खडक जितका जास्त तापलेला, तितका त्याचा मूळ कार्बन तेल-वायूच्या रूपाने खर्च झालेला असतो. त्यामुळे अतिपरिपक्व खडकातील 2 टक्के आणि कच्च्या खडकातील 2 टक्के यांचा अर्थ एक नाही.

खडक ‘परिपक्व’ आहे हे कसे कळते?

वनस्पतींच्या अवशेषांत व्हिट्रिनाइट नावाचा घटक असतो. खडक जितका तापतो, तितका व्हिट्रिनाइट अधिक प्रकाश परावर्तित करू लागतो. सूक्ष्मदर्शकाखाली मोजलेले हे परावर्तन साधारण 0.6 टक्क्यांच्या आत असेल तर खडक कच्चा; 0.6 ते 1.3 दरम्यान तेलाचा पट्टा, ज्याच्या वरच्या टोकाला तेलाबरोबर ओला, म्हणजे द्रव घटक असलेला, वायूही येतो, आणि 1.3 च्या पुढे कोरडा वायू. या सीमा केरोजेनच्या प्रकारानुसार थोड्या सरकतात. कच्च्या खडकात केरोजेन भरपूर असले तरी विहिरीतून वाहील असे तेल त्यात तयार झालेले नसते. तो खडक उकरून किंवा जागच्या जागी तापवूनच तेल काढावे लागते, आणि तो निराळा उद्योग आहे.

दुसरी चाचणी रॉक-इव्हॅल यंत्रावर होते. खडकाची सुमारे शंभर मिलिग्रॅमपर्यंत पूड घेऊन ती निष्क्रिय वायूत 300 अंश सेल्सिअसवर ठेवली जाते; या वेळी बाहेर पडणारे हायड्रोकार्बन म्हणजे खडकात आधीच तयार असलेले तेल-वायू, आणि या शिखराला एस-1 म्हणतात. मग तापमान क्रमाने सुमारे 650 अंशांपर्यंत नेले जाते. त्या टप्प्यात केरोजेन फुटून जे बाहेर येते ते एस-2, म्हणजे खडकाची उरलेली जननक्षमता. एस-2 ज्या तापमानाला सर्वाधिक येतो ते तापमान साधारण 435 ते 460 अंशांच्या दरम्यान असेल, तर खडक तेलाच्या पट्ट्यात आहे असे मानतात.

या चाचण्या दिसतात तितक्या निर्धोक नाहीत. विहीर खणताना तेलयुक्त चिखल वापरला असेल तर एस-1 फुगतो. अतिपरिपक्व खडकात एस-2 इतका क्षीण असतो की त्यावरून काढलेले तापमान भरवशाचे राहत नाही. झरिया आणि राणीगंज क्षेत्रांत तर लॅम्प्रोफायर व डोलेराइट यांची अग्निजन्य अंतर्भेदने, म्हणजे वितळलेल्या स्थितीत खालून आलेले खडक, थरांत घुसलेली आहेत, आणि त्यांच्या आसपासचा शेल बाकीच्या खोऱ्यापेक्षा कितीतरी अधिक भाजलेला सापडतो. अशा ठिकाणचा एखादा नमुना उचलून संपूर्ण खोऱ्याची परिपक्वता ठरवणे ही गंभीर चूक ठरते. म्हणून अनेक विहिरी, अनेक खोल्या आणि किमान दोन स्वतंत्र पद्धती यांचा आग्रह धरावाच लागतो.

थराची जाडी आणि खोली किती असावी?

सेंद्रिय द्रव्याने समृद्ध असा सलग भाग साधारण 30 मीटर किंवा अधिक असावा. खोलीच्या बाबतीत 1,000 ते 5,000 मीटर हा पट्टा जागतिक मूल्यमापनांत वापरला जातो. त्याहून उथळ थरात दाब कमी पडतो आणि भूजलाशी जवळीक होते. त्याहून खोल गेल्यास पार्यता आणखी घटते आणि विहिरीचा खर्च वाढतो. कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील पर्मियन-ट्रायासिक शेल जाड आहे, पण त्याचा बराच भाग फार खोल व उष्ण आहे.

खडक फोडल्यावर भेगा टिकतील की नाही, हे आधी सांगता येते का?

बऱ्याच अंशी येते, आणि माझ्या मते भारतीय शेलच्या बाबतीत हाच प्रश्न सर्वांत निर्णायक आहे. क्वार्ट्‌झ आणि कार्बोनेट अधिक असलेला खडक ठिसूळ असतो. त्यात भेगा पडतात आणि वाळूचे कण त्या उघड्या धरतात. मृण्मय खनिजे अधिक असतील तर खडक फुटण्याऐवजी दबतो, वाळूचे कण त्यात रुतून बसतात आणि पडलेली भेग पुन्हा मिटते. मृण्मय खनिजे साधारण 40 टक्क्यांच्या आत असावीत, असा व्यवहारातला निकष आहे.

टेक्सासमधील बार्नेट शेल सागरी आहे आणि त्यात सूक्ष्म सिलिका भरपूर आहे. दामोदर खोऱ्यातील थर नद्या-सरोवरांत साचलेले असल्यामुळे त्यांत मृण्मय खनिजांचे प्रमाण अधिक असण्याची शक्यता मोठी. त्यामुळे क्ष-किरण विवर्तनाने खनिजांचे प्रमाण मोजणे, कोअरच्या (विहिरीतून अखंड कापून काढलेल्या खडकाच्या दांड्याच्या) तुकड्यावर ताण-चाचण्या घेणे आणि खोऱ्यातील नैसर्गिक ताणाची दिशा जाणून घेणे, ही कामे सेंद्रिय कार्बन मोजण्याइतकीच महत्त्वाची मानायला हवीत. आडवी विहीर किमान आडव्या ताणाच्या दिशेने नेली, तर भेगा तिला काटकोनात उघडतात. दिशा चुकली, तर चांगला खडकही निकृष्ट उत्पादन देतो.

जमिनीखाली किती वायू आहे, याचा आकडा कसा काढतात?

चिकटलेल्या वायूसाठी थेट मोजणी होते. कोअर पृष्ठभागावर येताच तो हवाबंद डब्यात घालून थराच्या तापमानाला ठेवतात आणि दिवसागणिक किती वायू सुटतो ते मोजतात. कोअर वर येईपर्यंत उडून गेलेला वायू मात्र मोजता येत नाही. सुरुवातीच्या वाचनांवरून मागे जाऊन त्याचा अंदाज बांधावा लागतो, आणि कोअर वर काढायला जितका वेळ जास्त, तितका हा अंदाज सैल होतो. मोकळ्या वायूसाठी जाडी, सच्छिद्रता, पाण्याचे प्रमाण आणि दाब हे घटक लागतात.

एक कल्पित पण वास्तवाला धरून असलेले उदाहरण घेऊ. क्षेत्र 100 चौरस किलोमीटर, जाडी 50 मीटर, सच्छिद्रता 5 टक्के आणि छिद्रांतील 40 टक्के जागा पाण्याने व्यापलेली आहे. खडकाचे घनफळ 5 अब्ज घनमीटर. त्यातील वायूची जागा 15 कोटी घनमीटर. सुमारे तीन किलोमीटर खोलीवरचा वायू पृष्ठभागावर आल्यावर साधारण 200 पट प्रसरण पावतो असे धरले, तर मोकळा वायू 30 अब्ज घनमीटर होतो. खडकाचे वजन सुमारे 12.5 अब्ज टन आणि दर टनाला 2 घनमीटर चिकटलेला वायू धरला, तर त्यात आणखी 25 अब्ज घनमीटरांची भर पडते. एकूण 55 अब्ज घनमीटर.

आता सच्छिद्रता 5 ऐवजी 4 टक्के निघाली असे समजा. प्रयोगशाळेतला हा फरक किरकोळ वाटतो, पण मोकळा वायू थेट 24 अब्जांवर येतो. शिवाय चिकटलेला वायूही छिद्रांतलीच थोडी जागा व्यापतो. ती वजा केली नाही तर तीच जागा दोनदा मोजली जाते. आणि या 55 अब्जांपैकी 15 टक्के बाहेर निघाला असे धरले, तर हाती येणारा वायू 8 अब्जांच्या थोडा वर जातो.

भारताच्या शेल वायूचे आकडे एकमेकांपासून इतके दूर का आहेत?

सर्वाधिक गोंधळ याच बाबतीत होतो. अमेरिकेच्या ऊर्जा माहिती प्रशासनाने 2013 च्या अहवालात खंबात, कृष्णा-गोदावरी, कावेरी आणि दामोदर या खोऱ्यांसाठी जागेवरचा (खडकात असलेला एकूण) वायू 584 ट्रिलियन घनफूट आणि तांत्रिकदृष्ट्या काढता येण्याजोगा वायू 96 ट्रिलियन घनफूट दिला. याच संस्थेचा 2011 चा काढता येण्याजोग्या वायूचा आकडा 63 होता. अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने खंबात, कृष्णा-गोदावरी आणि कावेरी या तीन खोऱ्यांसाठी काढता येण्याजोगा वायू फक्त 6.1 ट्रिलियन घनफूट सांगितला. ओएनजीसीने गंगा व आसाम धरून पाच खोऱ्यांसाठी 187.5, तर कोल इंडियाच्या सीएमपीडीआय या नियोजन संस्थेने गोंडवाना काळातील सहा उपखोऱ्यांसाठी 45 ट्रिलियन घनफूट असा अंदाज मांडला.

एक ट्रिलियन घनफूट म्हणजे सुमारे 28 अब्ज घनमीटर, आणि भारताचा वर्षाचा नैसर्गिक वायूचा वापर अलीकडे साधारण 60 ते 70 अब्ज घनमीटर आहे. 96 खरे मानले तर तो वायू आजच्या वापराला चाळीसेक वर्षे पुरेल, 6.1 खरे मानले तर तीन वर्षेही पुरणार नाही. ज्या देशाला आपली ऊर्जानीती आखायची आहे, त्याच्यासाठी हा फरक क्षुल्लक नाही.

या संस्थांनी वेगवेगळे प्रश्न विचारले, म्हणून उत्तरे वेगळी आली. खोरी वेगळी आहेत. ऊर्जा माहिती प्रशासनाने जागेवरचा वायू मोजून त्याला जोखमीचे गुणक आणि निष्कासनाचे (बाहेर काढता येणाऱ्या हिश्श्याचे) प्रमाण लावले. 584 पैकी 96 म्हणजे सुमारे 16 टक्के. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने एका विहिरीतून आयुष्यभरात किती वायू मिळेल याचे वितरण इतर देशांतील खोऱ्यांवरून घेतले आणि संभाव्यतेच्या पद्धतीने अंदाज बांधला. भारतात तेव्हा शेलमधून सलग उत्पादन देणारी विहीर नव्हती, त्यामुळे दोन्ही पद्धतींना परदेशी खडकाचा आधार घ्यावा लागला.

म्हणून वर्तमानपत्रात ‘देशात इतका शेल वायू’ असे वाचताना, तो जागेवरचा वायू आहे, तांत्रिकदृष्ट्या काढता येणारा आहे, की आजच्या भावात परवडणारा सिद्ध साठा आहे, हे पाहिल्याशिवाय त्या आकड्यावर कोणतेही मत बनवू नये. भारताच्या शेलमध्ये आजवर जे मांडले गेले आहे ते सारे संसाधनाच्या वर्गातील आहे, सिद्ध साठ्याच्या नव्हे.

शेल तेलाचे मूल्यमापन वेगळे असते का?

असते, आणि ते अधिक कठीण असते. वायूचे रेणू लहान असतात. तेलाचे मोठे रेणू नॅनोमीटरच्या छिद्रांतून सरकत नाहीत आणि केरोजेन ते धरून ठेवते. म्हणून एस-1 ला सेंद्रिय कार्बनाने भागून शंभराने गुणतात. हे गुणोत्तर दर ग्रॅम कार्बनामागे 100 मिलिग्रॅमच्या वर गेले, तर धरून ठेवण्याच्या मर्यादेपलीकडचे, वाहू शकणारे तेल खडकात असण्याची शक्यता असते. वरच्याच 2013 च्या अहवालात भारतासाठी जागेवरचे शेल तेल 87 अब्ज पिंपे आणि काढता येण्याजोगे 3.8 अब्ज पिंपे आहे, म्हणजे साडेचार टक्क्यांहूनही कमी.

कॅलिफोर्नियातील माँटेरे शेलचे उदाहरण या विषयाच्या प्रत्येक अभ्यासकाला ठाऊक असायला हवे. 2011 मध्ये तेथे 15.4 अब्ज पिंपे तेल काढता येईल असे जाहीर झाले. 2014 मध्ये तो आकडा 0.6 अब्जांवर आणला गेला. खडक समृद्ध होताच, पण घड्या आणि भ्रंश (खडक तुटून सरकल्याच्या भेगा) यांनी इतका मोडलेला होता की सपाट, सलग थरांसाठीची गृहीतके त्याला लागूच होत नव्हती.

इतर देशांत अंदाज आणि प्रत्यक्ष यांचे नाते कसे राहिले?

दोन्ही बाजूंनी चुका झाल्या आहेत. पोलंडला 2011 मध्ये 187 ट्रिलियन घनफूट काढता येण्याजोगा वायू सांगितला गेला. पोलिश भूवैज्ञानिक संस्थेने 2012 मध्ये जुन्या विहिरींच्या नोंदी तपासून सर्वाधिक संभाव्य पल्ला 346 ते 768 अब्ज घनमीटर, म्हणजे साधारण 12 ते 27 ट्रिलियन घनफूट, एवढाच ठरवला. सत्तरहून अधिक विहिरी खणल्या गेल्या, पण व्यापारी उत्पादन सुरू झाले नाही. एक्झॉनमोबिल 2012 मध्ये आणि शेव्हरॉन व कोनोकोफिलिप्स 2015 मध्ये बाहेर पडल्या.

अमेरिकेतील मार्सेलस शेलचे उलट झाले. 2002 मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने तेथे सुमारे 2 ट्रिलियन घनफूट वायू सांगितला होता, 2011 मध्ये 84. खडक तोच होता. बदलले होते ते विहिरींचे तंत्र आणि हाती आलेली माहिती. बार्नेटमध्येही जॉर्ज मिचेल यांच्या कंपनीने पहिली विहीर 1981 मध्ये खणली, आणि पाण्यावर आधारित स्वस्त फ्रॅकिंग यशस्वी व्हायला 1997-98 उजाडले.

भारतात प्रत्यक्ष विहिरी झाल्या आहेत का?

झाल्या आहेत. पश्चिम बंगालमध्ये दुर्गापूरजवळ इच्छापूर येथे ओएनजीसीच्या आरएनएसजी-1 या विहिरीत 25 जानेवारी 2011 रोजी सुमारे 1,700 मीटर खोलीवरच्या बॅरन मेझर्स शेलमधून वायू पृष्ठभागावर आला. ऑक्टोबर 2013 मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय तेल कंपन्यांसाठी शेलचे धोरण जाहीर केले आणि पहिल्या टप्प्यात ओएनजीसीला 50 व ऑइल इंडियाला 6 क्षेत्रे मिळाली. 2018 च्या धोरणाने इतर कंत्राटदारांनाही आपापल्या क्षेत्रांत अपारंपरिक हायड्रोकार्बन शोधण्याची मुभा दिली. व्यापारी उत्पादन मात्र सुरू झालेले नाही.

वायू पृष्ठभागावर येणे आणि विहीर परवडणे यांत मोठे अंतर असते. शेल विहिरीचे उत्पादन पहिल्याच वर्षात झपाट्याने घसरते, त्यामुळे काही दिवसांच्या प्रवाहावरून तिच्या आयुष्यभराचा अंदाज बांधता येत नाही. एकाच थरात, एकाच पद्धतीने खणलेल्या अनेक आडव्या विहिरींचे काही महिन्यांचे उत्पादन हातात आल्यावरच मूल्यमापनाला खरा पाया मिळतो.

भूकंप आणि पाणी यांचा विचार भूवैज्ञानिक मूल्यमापनात येतो का?

आलाच पाहिजे. इंग्लंडमध्ये लँकेशायरमधील प्रेस्टन न्यू रोड येथे फ्रॅकिंगदरम्यान 26 ऑगस्ट 2019 रोजी 2.9 परिमाणाचा धक्का बसला आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये इंग्लंडने फ्रॅकिंग थांबवले. खंबात आणि दामोदर ही दोन्ही खोरी भ्रंशांनी घडलेली आहेत. त्यामुळे त्रिमितीय भूकंपीय सर्वेक्षणाने भ्रंश नकाशावर आणल्याशिवाय विहिरीची जागा ठरवू नये. एका आडव्या विहिरीच्या फ्रॅकिंगला साधारण दहा ते वीस हजार घनमीटर पाणी लागते. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात तमिळनाडूने 2020 च्या कायद्याने संरक्षित कृषिक्षेत्र जाहीर करून शेल वायूसह नव्या हायड्रोकार्बन उत्खननाला बंदी घातली आहे, त्यामुळे तेथील आकडा कागदावर कितीही असला तरी तो आज उपलब्ध नाही.

महाराष्ट्रात आणि गोव्यात शेल वायूची शक्यता आहे का?

महाराष्ट्राचा बहुतेक भाग दख्खनच्या बेसॉल्टखाली आहे, आणि बेसॉल्टखाली गाळाचे जाड थर असतीलच असे नाही. कोयना परिसरात केलेल्या खोल वेधनात सुमारे 930 मीटर बेसॉल्टनंतर थेट ग्रॅनाइट-नाइस लागला. किल्लारीला सुमारे 340 मीटर बेसॉल्टखाली जेमतेम 8 मीटर गाळ आणि मग पुन्हा स्फटिकी पाया. विदर्भात वर्धा आणि प्राणहिता-गोदावरी खोऱ्यांत गोंडवाना गाळ आहे, पण दामोदरच्या बॅरन मेझर्सशी समकालीन मानला जाणारा मोतूर थर येथे रंगीबेरंगी मातीचा व वालुकाश्माचा आहे. असे रंग म्हणजे साचताना प्राणवायू उपलब्ध होता आणि सेंद्रिय द्रव्य टिकले नाही, याची खूण असते. प्राणहिता-गोदावरी खोऱ्याची 2013 च्या अहवालात प्राथमिक चाचपणी झाली, पण त्याला आकडा दिला गेला नाही. 1974 मध्ये सापडलेल्या बॉम्बे हायच्या परिसरात उद्गम शेल निश्चित आहे, परंतु समुद्रात शेकडो फ्रॅक विहिरी खणणे आज परवडणारे नाही. गोव्याचे खडक प्राचीन व रूपांतरित आहेत. तेथे ही शक्यता धरू नये.

मूळ माहिती अभ्यासकांना पाहता येते का?

हायड्रोकार्बन महासंचालनालयाचे राष्ट्रीय माहिती भांडार 2017 पासून नोएडा येथे कार्यरत आहे, आणि भूकंपीय रेषा, विहिरींचे लॉग (खोलीनुसार यंत्राने घेतलेल्या नोंदी) व अहवाल तेथून नियमांनुसार मिळवता येतात. नव्या विहिरीआधी जुन्या विहिरींकडे वळावे, असे मी आग्रहाने सांगेन. खंबात खोऱ्यात सहा दशकांहून अधिक काळ तेलासाठी जी वेधने झाली, त्यांतील कित्येक खंबात शेलमधून आरपार गेली आहेत. त्या वेळी शेल हे लक्ष्य नव्हते, त्यामुळे त्या भागाचे कटिंग्ज (वेधनात निघालेले खडकाचे तुकडे) आणि लॉग बारकाईने तपासले गेले नाहीत. गॅमा, घनता आणि रोधकता यांच्या जुन्या लॉगवरून सेंद्रिय कार्बनाचा अंदाज काढता येतो. तो साठवलेल्या कटिंग्जच्या प्रयोगशाळेतील मोजणीशी जुळवून घेतला, तर नव्या विहिरीच्या खर्चाच्या अल्पशा भागात संपूर्ण खोऱ्याचा नकाशा उभा राहू शकतो, आणि पुढची विहीर कुठे घ्यायची हे त्या नकाशावरून ठरवता येते.